चढणीनंतरचा हप्ता

बँकेच्या नोकरीत ‘चढणे’ या क्रियापदाशी माझा रोजचा संबंध होता. व्याज चढतं, थकबाकी चढते, वसुलीसाठी कोर्टाची पायरी चढावी लागते आणि मार्चअखेरीला मॅनेजरचा पारा चढतो. त्यामुळे या शब्दात आपल्याला कुणी नवीन काही शिकवील असं मला वाटत नव्हतं. ते शिकवलं एका कर्जदार बाईनं, आणि तेही कर्जाचा हप्ता चुकवताना.

१९८६ सालची गोष्ट. मी पंचवीस-सव्वीस वर्षांचा, नुकताच अधिकारी झालेला, माणदेशातला. आमच्याकडे ओढ्याला पाणी आलं की माणसं हातातली कामं टाकून ते बघायला जातात, कारण पुन्हा कधी दिसेल याचा नेम नसतो. अशा माणसाची बदली झाली ती सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका लहानशा शाखेत. मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. आयआरडीपीखाली गाईसाठी कर्ज घेतलेल्या एका बाईंचे दोन हप्ते थकले होते. मी त्यांना बोलावणं धाडलं. पन्नाशी ओलांडलेल्या, काटक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. टेबलासमोर उभ्या राहून त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, “सायबानू, हप्तो चढणीनंतर भरतंय.”

चढण म्हणजे घाटाची चढण एवढंच मला ठाऊक. बाईंना कुठला तरी घाट चढून देवाला जायचं असावं असं समजून मी विचारलं, “कधी जाणार आहात?” त्या बुचकळ्यात पडल्या. मग शेजारी उभ्या असलेल्या आमच्या शिपायाला हसू आवरेना. तो म्हणाला, “सायब, ती जायत नाय. मासो चढता. पावस लागलो काय व्हाळातसून मासो वर चढता, ती चढण.” आणि बाईंनी माझ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं की, ज्याला चढण माहीत नाही त्याच्या हाती बँकेनं किल्ल्या कशा दिल्या!

मी रजिस्टरात ‘जूनअखेर’ अशी नोंद केली. ‘चढणीनंतर’ असं लिहिलं असतं तर तपासणी अधिकाऱ्यानं मलाच चढणीला लावलं असतं.

चढण मी पाहिली ती त्याच वर्षी, मृगाचा पहिला जोरदार पाऊस दोन दिवस लागून राहिल्यावर. रात्री नऊच्या सुमाराला शिपाई खोलीवर आला आणि म्हणाला, “सायब, चला.” त्याच्या एका हातात बॅटरी होती, दुसऱ्या हातात माझ्यासाठी आणलेलं इरलं. वाडीच्या खालच्या अंगाला व्हाळ होता. दोन दिवसांपूर्वी मी तो कोरडा ठणठणीत पाहिला होता. आता तांबड्या पाण्याचा लोट गुरगुरत येत होता आणि दोन्ही काठांवर माडाच्या झावळांच्या चुडी पेटल्या होत्या. बायका, पोरं, म्हातारे, सगळे पोटऱ्याभर पाण्यात. पोरांनी सदरे डोक्याला बांधलेले. वरच्या भातशेतांतून पाणी बांधावरून खाली पडत होतं, आणि त्या पडत्या पाण्यावर, उलट दिशेनं, मासे चढत होते.

पोहत नव्हते, चढतच होते. मळये, खवलं, शिवडे. एखादा बांधाच्या दगडावर आपटून खाली पडे, पाण्यात क्षणभर दम घेई आणि पुन्हा उसळी मारी. एक शिवडा तर पाणी सोडून ओल्या गवतावरून सरपटत वरच्या शेतात गेला. माझ्या हातात जाळं नव्हतं, की टोपली नव्हती. मी नुसता पाहत राहिलो. आमच्या मुलखात पाण्यामागे माणसं धावताना मी पाहिली होती. पाण्याच्या विरुद्ध कुणी धावतं हे प्रथमच पाहत होतो.

याचं कारण मी पुढे वाचून काढलं, पण वाडीतल्या कुणालाही ते न वाचता माहीत होतं. उन्हाळाभर हे मासे नदीच्या डोहांत राहिलेले असतात. पहिल्या पावसाचं गार, गढूळ पाणी खाली आलं की माद्या अंड्यांनी भरलेल्या असतात आणि त्यांना वरचं उथळ पाणी हवं असतं. नुकत्या भरलेल्या भातशेतात पाणी संथ, कोमट. उन्हाळाभर तापलेली माती भिजली की तिच्यात डोळ्यांना न दिसणारे जीव उदंड होतात. तेच पिल्लांचं पहिलं अन्न. डोहातले मोठे खादाड मासे इतक्या उथळात फारसे येत नाहीत. कित्येक जातींची अंडी एखाद-दोन दिवसांतच फुटतात. मरळ तर पाणवनस्पतींत जागा करून अंड्यांवर आणि पुढे पिल्लांवर पहारा देते. नारिंगी-तांबूस पिल्लांचा तो झुबका पाण्यावर दिसला की खाली त्यांचे आईबाप आहेत असं समजावं. पाऊस ओसरू लागला की नवी पिढी शेतातून व्हाळात, व्हाळातून नदीत उतरते. ती उतरण पाहायला मात्र कुणी चुडी पेटवून जात नाही.

यात एक अहीर तेवढा उलट्या काळजाचा. तो गोड्या पाण्यात वर्षानुवर्षं वाढतो आणि अंडी घालायला समुद्रात जातो. त्याची पोरं इवलीशी असतानाच खाऱ्या पाण्यातून नदीत शिरतात. म्हणजे त्याची चढण बाळपणी आणि उतरण म्हातारपणी. नोकरदार माणसासारखंच!

असो. त्या रात्री आमच्या कर्जदार बाई व्हाळाच्या एका अरुंद जागी बसल्या होत्या. बांबूच्या कामट्यांचा, तोंडाशी रुंद आणि आत निमुळता होत गेलेला सापळा त्यांनी पाण्यात बसवला होता, पण तो अर्ध्याच पाण्यात. उरलेली अर्धी वाट मोकळी, आणि त्या मोकळ्या वाटेनं मासे त्यांच्या डोळ्यांदेखत वर निघून जात होते. बँकेचा माणूस मी. मला ते उत्पन्नाचं उघड उघड नुकसान दिसलं. म्हटलं, “आजी, तिकडेही एक लावला असता तर सगळा हप्ता आजच निघाला असता.” त्या म्हणाल्या, “अर्धो व्हाळ माझो, अर्धो तेंचो. तेंका वर जावक वाट होयी मा?”

जून संपायला चार दिवस असताना बाई शाखेत आल्या. पदराच्या गाठीतून दोनाच्या, पाचाच्या नोटा निघाल्या. सगळ्या ओलसर, आणि सगळ्यांना मळयांचा वास. कॅशियरनं त्या नाकापासून हातभर लांब धरून मोजल्या आणि पंख्याखाली पेपरवेटं ठेवून वाळत घातल्या. थकलेले दोन्ही हप्ते पुरे झाले. जाताना बाईंनी केळीच्या पानातली एक पुरचुंडी माझ्या टेबलावर ठेवली. तिखलं होतं, तिरफळं घातलेलं. कर्जदाराकडून काही घ्यायचं नाही असा नियम आहे. मी तो त्या दुपारी मोडला.

पुढे माझी बदली रायगड जिल्ह्यात झाली आणि तिथे हीच चढण मला दुसऱ्या नावानं भेटली. रायगड, ठाणे, पालघर या भागांत तिला वलगण म्हणतात. आमच्या शाखेतले आगरी खातेदार जूनच्या पहिल्या पंधरवड्यात ‘वलगन चरली’ म्हणून निरोप द्यायचे आणि त्या दिवशी काउंटरवर शुकशुकाट. ‘चरली’ म्हणजे चढली. त्यांच्या बोलीत घोडा ‘घोरा’ होतो, तशी चढण्याचीही गत होते. तिथे खाडी जवळ, म्हणून गाबोळीनं भरलेल्या चिवण्यांचं कौतुक अधिक. पण मला गंमत वाटली ती या शब्दाच्या दुसऱ्या वापराची. जमिनींचे पैसे मिळाल्याची बातमी पसरली, आणि विमावाले, मोटारसायकलवाले, ठेवी मागणारे असे एकामागून एक शाखेत घुसू लागले. तेव्हा एक म्हातारे खातेदार बाकावर बसून म्हणाले, “वलगन लागली रं!” जिथे भरलेलं पोट घेऊन कुणी निघालेलं असतं तिथे टोपल्या घेऊन दुसरे उभे असतात, हे सगळं त्या एका शब्दात आलं. पुण्या-मुंबईच्या मराठीत यासाठी मला अख्खं वाक्य लागतं.

पुण्या-मुंबईच्या मराठीची आणखी एक तऱ्हा सांगतो. माझ्या एका कादंबरीत मी ‘बाजारात चढणीचे मासे आले होते’ असं लिहिलं. मुद्रितं आली तेव्हा ते ‘बाजारात चढ्या भावाचे मासे आले होते’ असं झालेलं. मुद्रितशोधकाला दोष देत नाही. बारा वर्षांपूर्वी मीही तेच केलं असतं.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला बरीच वर्षं लागली.

१९९७ साली मी त्याच पहिल्या शाखेत मॅनेजर म्हणून परत आलो. कोकणातल्या पडीक कातळावर आंबा-काजूच्या बागा उभ्या राहण्याचे ते दिवस. एका बाहेरगावच्या गृहस्थांनी वाडीच्या वरच्या अंगाला जमीन घेतली होती. बागेसाठी, कुंपणासाठी आणि बागेपर्यंत ट्रक जाईल अशा रस्त्यासाठी त्यांना कर्ज हवं होतं. कागद चोख, तारण भक्कम. मार्च १९९८मध्ये मी जागेची पाहणी केली. तपासणीच्या नमुन्यात एक रकाना होता : ‘जमिनीतून नाला, ओढा अथवा पाणवाट जाते काय?’ समोर पालापाचोळ्यानं भरलेली, दगडगोट्यांची एक घळ होती. तिच्यात पाण्याचा थेंब नव्हता. ऊन मी म्हणत होतं आणि मला शाखेत परतून वर्षअखेरीचे आकडे जुळवायचे होते. मी लिहिलं : ‘नाही.’

ही घळ म्हणजे तोच व्हाळ होता, थोडा वरच्या बाजूचा. बारा वर्षांपूर्वी ज्याच्या काठी मी इरलं पांघरून उभा राहिलो होतो तोच. मला तो ओळखू आला नाही असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत होतो. खरं म्हणजे ओळखू आला होता. पण रकान्यात नाला होता, ओढा होता, पाणवाट होती. व्हाळ नव्हता आणि चढण तर नव्हतीच. एवढी सबब मला पुरली.

रस्ता मे महिन्यात झाला. व्हाळावर मातीचा भराव, खालून सिमेंटचे दोन पाइप. पाणी जायला जागा ठेवली होती, म्हणजे अडवणूक कुणीच केली नव्हती. पण पाणी खाली जाणं आणि मासा वर येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हाळाच्या तळाशी दगड असतात, त्यांच्या आडोशाला मासा दम घेतो. गुळगुळीत पाइपात आडोसा नाही आणि पाणी चिंचोळ्या जागेतून जोरानं सुटतं. शिवाय पाइपातून पडणारं पाणी खालची माती खणत जातं. पहिल्या पावसाळ्यात पाइपाचं तोंड खालच्या पाण्यापासून वीतभर उंच होतं. तिसऱ्या पावसाळ्यात ते माणसाच्या कमरेपर्यंत गेलं.

पहिल्या वर्षी, १९९८च्या जूनमध्ये, कधी मिळाले नव्हते इतके मासे मिळाले. मिळणारच. पाइपाखालच्या खड्ड्यात मासा येऊन साचत होता, उसळी मारून सिमेंटवर आपटत होता आणि पुन्हा खड्ड्यात पडत होता. जाळ्याचीही गरज नव्हती. लोकांनी घमेल्यांनी उपसले. रॉकेलचे डबे भरून बाजारात गेले. आमच्या शाखेची जूनची वसुली त्या भागात सर्वांत चांगली झाली आणि वरिष्ठ कार्यालयाकडून मला अभिनंदनाचं पत्र आलं. ते अजून माझ्या फायलीत आहे. पुढच्या वर्षी मासे कमी आले. त्याच्या पुढच्या वर्षी पोरं चुडी घेऊन गेली आणि लवकरच परत आली.

२००१मध्ये माझी बदली झाली तेव्हा मी आजींना भेटायला गेलो. त्या आता सत्तरीकडे झुकल्या होत्या. त्यांचं कर्ज केव्हाच फिटलं होतं, त्यामुळे आम्ही समोरासमोर मोकळेपणानं बसू शकत होतो. बोलता बोलता मी पाइपाचा विषय काढला. माझी सही त्या कागदावर आहे हे त्यांना माहीत होतं. लहान गावात कुणाची सही कुठे आहे हे सगळ्यांना माहीत असतं. मी म्हणालो, “आजी, मी जागा बघितली होती. तेव्हा तिथे पाणी नव्हतं.” त्या सुपारी कातरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “सायबानू, तुमी मार्चात इलास. मार्चात व्हाळ खंय दिसतलो?”

त्यांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

मोठ्या नद्यांच्या बाबतीत हेच मोठ्या प्रमाणावर झालं आहे. गंगेवरचं फराक्का धरण १९७५मध्ये सुरू झालं. त्याआधी बंगालच्या उपसागरातून निघालेला हिलसा थेट अलाहाबादपर्यंत चढत असे. धरणानंतर त्याची वरची वाट जवळजवळ बंद झाली. ते धरण बांधणाऱ्यांनाही पाणी दिसत होतं, मासा दिसत नव्हता. पण फराक्काचं नाव पुस्तकांत येतं. रस्त्याखालचे दोन पाइप कुठल्या पुस्तकात येणार? आणि कोकणात असे पाइप किती आहेत हे एसटीच्या खिडकीतून जूनमध्ये कुणीही मोजावं.

पाइप नसतील तिथे दुसरं काही आहे. व्हाळात ब्लीचिंग पावडर टाकणं, विजेच्या तारेवर आकडा टाकून पाण्यात प्रवाह सोडणं. पाण्यात विष आणि सुरुंग वापरून मासे मारायला १८९७च्या कायद्यानंच बंदी केलेली आहे. कायदा सव्वाशे वर्षांचा झाला आणि पावडर अजून किलोवर मिळते. समुद्रातल्या मासळीचं त्यातल्या त्यात बरं. १ जून ते ३१ जुलै असे एकसष्ट दिवस यांत्रिक नौका बंद, आणि त्याच्याही आधीपासून नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यात न जाण्याची रीत. व्हाळाच्या काठी असं कॅलेंडर कुणी टांगत नाही. देवाच्या नावानं राखलेल्या जागा तेवढ्या आहेत. महाडजवळ काळ नदीवरच्या वाळण कोंडीत किंवा वाड्याजवळ वैतरणेकाठी तिळशाला मोठमोठे मासे माणसाच्या हातून खाणं घेतात आणि त्यांना कुणी हात लावत नाही. पण डोह राखला तरी चढणीचा मासा डोहात राहत नाही, ही पंचाईत आहे. त्याला घर नको असतं, रस्ता हवा असतो.

आणि आता शब्दाचं ऐका. गेली काही वर्षं जून लागला की कोकणातल्या हॉटेलांबाहेर पाट्या दिसतात : ‘चढणीचे मासे मिळतील’. मोबाइलवर चित्रफिती फिरतात, कुणाची टोपली किती भरली याच्या. परवा एका मित्राच्या मुलानं मला विचारलं, “काका, चढणीचा मासा म्हणजे नेमका कुठला मासा? पापलेटसारखी वेगळी जात असते का?” चूक त्याची नाही. ताटात आलेल्या माशाला चढताना त्यानं पाहिलेलं नाही. चढण हे माशाचं काम होतं. वापरून वापरून आपण ते त्याचं आडनाव केलं. गाबोळी मलाही आवडते, खोटं कशाला बोलू? पण चढणीच्या माशातली गाबोळी म्हणजे पुढच्या जूनचं मुद्दल असतं. व्याज खावं आणि मुद्दल राखावं हे मी पस्तीस वर्षं काउंटरवरून लोकांना सांगत होतो. आजींनी ते मला व्हाळात बसून सांगितलं होतं, अर्धा सापळा लावून.

निवृत्त झाल्यावर, २०२२च्या उन्हाळ्यात मी त्या वाडीत गेलो. आजी नाहीत. आमच्या शिपायाचा मुलगा आता तिथे किराणा दुकान चालवतो. बागेचे मालक बदलले आहेत, पाइप तेच आहेत. मी त्याच्याजवळ भीत भीत विषय काढला आणि एक कागद दाखवला. त्यावर मी एक आकृती काढली होती : पाइपाखालच्या खड्ड्यात खालपासून मोठे दगड असे रचायचे की पाण्याच्या लहान लहान पायऱ्या होतील आणि खड्ड्यातलं पाणी पाइपाच्या तोंडापर्यंत वर येईल. काही दगड पाइपाच्या आतही बसवायचे, आडोशासाठी. त्यानं कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, “सायब, ह्या बाबांनी पयलाच सांगलेला. पण तेवा दगड उचलूक माणसां नाय गावली.” या वेळी सात पोरं गावली. मी चहा आणि वडापावचा खर्च केला. दगड उचलायचं वय राहिलेलं नाही, म्हणून काठावर उभा राहून सूचना केल्या. ती सवय जायची नाही. चार दिवस लागले.

पहिल्या जूनमध्ये काहीच झालं नाही. पाण्यानं निम्मे दगड वाहून नेले. पोरांनी पुढच्या मे महिन्यात ते पुन्हा रचले, या वेळी अधिक मोठे.

गेल्या जूनमधल्या एका रात्री मी पुण्यात पुस्तक वाचत बसलो होतो. दहाच्या सुमाराला फोन वाजला. पलीकडे पावसाचा इतका आवाज होता की प्रथम कोण बोलतंय तेच कळेना. मग शब्द आले : “सायब, चढण इली.”

“पाइपाशी आहेस?”

“पाइपाशीच. एक शिवडो वर गेलो. ह्या डोळ्यांनी बघलंय.”

“आणि बाकीचे?”

“दुसरो पडलो.” थोडा वेळ नुसतं पाणी ऐकू आलं. “थांबा, बॅटरी धरतंय... परत चढता.”